परदेशी जाताना घरातील विजेची उपकरणे: ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात उपकरण दुरुस्तीचे काम करताना आमच्याकडे दोन प्रकारचे लोक नेमाने येतात. पहिल्या प्रकारात मुलांकडे सहा महिने राहायला निघालेले आईवडील आणि शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी येतात, आणि त्यांना काय न्यावे हे विचारायचे असते. दुसऱ्या प्रकारातील लोक परदेशातून आणलेले आणि इथे बोर्डाला लावताच जळालेले उपकरण घेऊन येतात. दुसऱ्या प्रकारातील माणसांना पाहून फार हळहळ वाटते, कारण उपकरणाच्या तळाशी छापलेली एक ओळ वाचली असती तर ते नुकसान टळले असते. ही उत्तरे त्यासाठीच लिहिली आहेत.

परदेशातील वीज वेगळी असते, म्हणजे नेमके काय वेगळे असते?

तीन गोष्टी वेगळ्या असू शकतात: विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज, वारंवारता म्हणजे फ्रीक्वेन्सी, आणि भिंतीवरील सॉकेटचा आकार. आपल्याकडे महावितरणकडून घरात येणारी वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि दुबई येथे दाब आपल्याइतकाच किंवा त्याच्या अगदी जवळपास असतो आणि फ्रीक्वेन्सीही ५० असते, त्यामुळे तेथे अडचण जवळजवळ फक्त सॉकेटची येते. अमेरिका आणि कॅनडात दाब १२० व्होल्ट आणि फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झ, म्हणजे दोन्ही वेगळे. सौदी अरेबिया आणि दक्षिण कोरियात दाब आपल्यासारखाच असला तरी फ्रीक्वेन्सी ६० असते, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

सॉकेटचे म्हणाल तर आपला तीन गोल पिनांचा टॉप मूळच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीचा आहे, पण आज लंडनमध्ये तो बसत नाही. तेथे, तसेच सिंगापूर आणि दुबईत, तीन चौकोनी पिनांचा मोठा टॉप लागतो, ज्याच्या पोटात फ्यूज असतो. युरोपात दोन गोल पिना चालतात, म्हणून मोबाइलच्या चार्जरचा दोन बारीक पिनांचा टॉप तेथे बहुधा थेट बसतो. ऑस्ट्रेलियात तिरक्या चपट्या पिना लागतात, तर अमेरिकेत सरळ चपट्या.

माझे उपकरण तेथे चालेल की नाही, हे कसे ओळखावे?

देशाचे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. उत्तर उपकरणावरच छापलेले असते. लॅपटॉपचा चार्जर हातात घ्या आणि जी बाजू एरवी टेबलाला टेकलेली असते ती उजेडात धरा. मजकूर राखाडी आणि मुंगीएवढा असतो; तो वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. त्यात ‘इनपुट’ ह्या शब्दापुढील आकडे महत्त्वाचे आहेत. तेथे ‘१००-२४०’, त्यापुढे व्होल्टचे अक्षर, एक नागमोडी रेघ आणि ‘५०/६०’ असे छापलेले असेल, तर तो चार्जर जगातील जवळजवळ कोणत्याही घरगुती विजेवर चालतो आणि त्याला फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. तेथे केवळ ‘२३०’ किंवा ‘२२०-२४०’ लिहिलेले असेल, तर ते उपकरण अमेरिका, कॅनडा किंवा जपानच्या विजेवर थेट लावू नये. ‘आउटपुट’ ह्या शब्दापुढील आकड्यांचा ह्या प्रश्नाशी संबंध नाही, आणि बरेच जण नेमके तेच वाचून घाबरतात.

मोबाइल, लॅपटॉप, टॅब्लेट, कॅमेरा आणि दाढीचे ट्रिमर ह्यांचे आजकालचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टचे असतात. उष्णता निर्माण करणारी आणि मोठी मोटर असणारी उपकरणे बहुधा तशी नसतात. हा ढोबळ नियम आहे. खात्री छापील ओळ वाचूनच करावी.

दुकानदाराने दिलेला ‘कन्व्हर्टर’ पुरेसा आहे का?

ठाणे स्टेशनच्या बाजारात किंवा वाशीत कन्व्हर्टर मागितला, तर बहुतेक वेळा हातात पडतो तो केवळ पिनांचा आकार बदलणारा प्लास्टिकचा अडॅप्टर. तो व्होल्टेज बदलत नाही. आत २३० गेले तर बाहेर २३०च येतात आणि १२० गेले तर १२०च. व्होल्टेज बदलण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो हातात घेतल्याबरोबर वजनावरूनच कळतो, कारण त्याच्या आत लोखंडी पत्रे आणि तांब्याचे वेटोळे असते.

परदेशातील प्रवासी सामानाच्या दुकानांत तिसराही एक प्रकार मिळतो. तो हलका असूनही त्यावर १६०० किंवा २००० वॉट असे लिहिलेले असते. अशी साधने विजेची लाट कापून सरासरी दाब कमी करतात. त्यावर साधी इस्त्री किंवा तापणारी तार चालू शकते, पण चार्जर, वैद्यकीय यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले काहीही त्यावर लावू नये.

मिक्सर अमेरिकेला न्यावा का?

हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यामागील भावना आम्हाला पूर्ण समजते. ओल्या खोबऱ्याची चटणी, इडलीचे पीठ आणि सुके वाटण आपल्या मिक्सरमध्ये जसे होते, तसे तेथील साध्या ब्लेंडरमध्ये होत नाही. तरीही घरातील २३० व्होल्टचा मिक्सर नेऊ नये, असेच आमचे मत आहे.

तो १२० व्होल्टवर लावला तर लगेच जळत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. मोटर फिरते, पण जीव नसल्यासारखी. भांड्यात डाळ घट्ट असेल तर पाते अडखळते, मोटरला थंड ठेवणारा आतला पंखाही मंद फिरतो, आणि काही मिनिटांत तळाचे लाल बटण ट्रिप होते. ते पुन्हापुन्हा दाबून काम रेटत राहिले, की शेवटी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधील तांब्याचे वेटोळे, जळते.

१२०चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावल्यास मिक्सर नीट चालतो, कारण मिक्सरच्या ब्रश असलेल्या मोटरला ५० आणि ६० हर्ट्झमधील फरक विशेष जाणवत नाही. परंतु मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला किमान १५०० वॉट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो कित्येक किलो वजनाचा असतो, ओट्यावरील जागा अडवतो, आणि २३ किलोच्या बॅगेत तो भरायचा म्हणजे गोडा मसाला, कुळथाचे पीठ आणि पापड मागे ठेवावे लागतात. शिवाय अमेरिकेतील साधारण सॉकेट १५ अँपिअरचे असते. पूर्ण भारावर असा ट्रान्सफॉर्मर एकटाच त्यातील १२-१३ अँपिअर घेतो, त्यामुळे त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह चालू असेल तर ब्रेकर पडतो.

ह्यापेक्षा सरळ मार्ग असा, की ११० व्होल्टचा भारतीय पद्धतीचा मिक्सर घ्यावा. आपल्या काही कंपन्या अमेरिका आणि कॅनडासाठी असे मॉडेल बनवतात. ते तेथील भारतीय किराणा दुकानांत मिळते आणि इथेही मागवता येते. इथे घेतला तर घरी २३० व्होल्टवर ‘एकदा चालवून पाहू’ असे कृपा करून करू नका. ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत जाणाऱ्यांनी मात्र आपला मिक्सर खुशाल न्यावा. फक्त त्याचा टॉप कुशल इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा किंवा चांगल्या प्रतीचा, अर्थिंगची पिन असलेला अडॅप्टर वापरावा.

अमेरिकेतील घरात कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचे सॉकेट असते. त्यावर आपली उपकरणे चालतील का?

ते सॉकेट खरोखर २४० व्होल्टचे असते, परंतु आपल्यासारखे एक फेज आणि एक न्यूट्रल ह्यांच्यामध्ये नव्हे, तर दोन जिवंत तारांच्या मध्ये. आपल्या उपकरणाचा स्विच एकच तार तोडतो, म्हणून बटण बंद केल्यावरही आत १२० व्होल्ट शिल्लक राहतात. शिवाय तेथील ब्रेकर बहुधा ३० अँपिअरचा असतो, आणि मिक्सरच्या बारीक वायरीला तो संरक्षण देऊ शकत नाही. भाड्याच्या घरात तर असा प्रयोग करूच नये. स्वतःच्या घरात गरज असेल तर तेथील परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन घालून घ्यावी.

ट्रान्सफॉर्मर घेतला की सगळीच उपकरणे चालतील ना?

नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. घरघंटी, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि पंखा ह्यांतील इंडक्शन मोटरचा वेग फ्रीक्वेन्सीवर ठरतो. ५० हर्ट्झसाठी बनवलेली अशी मोटर ६० हर्ट्झवर सुमारे वीस टक्के जास्त वेगाने फिरते. घरघंटीत पीठ जास्त तापते, आवाज वाढतो आणि बेअरिंगवर ताण येतो. विजेच्या लाटांवर चालणारे जुन्या पद्धतीचे टायमर तासाला बारा मिनिटे पुढे जातात.

उलट दिशेने आणलेल्या उपकरणांचे हाल अधिक होतात. ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या मायक्रोवेव्हमध्ये एक मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. ५० हर्ट्झवर त्याच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय प्रवाह मर्यादेबाहेर वाढतो आणि तो तापत जातो. म्हणून अमेरिकेहून मायक्रोवेव्ह किंवा फ्रिज इथे आणू नये, मग सोबत कितीही चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर असो.

इस्त्री, केटल, केस सरळ करण्याचे यंत्र आणि पाणी तापवण्याचा रॉड न्यावा का?

तापणाऱ्या उपकरणांत वॉटचा हिशेब व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. आपली १००० वॉटची इस्त्री १२० व्होल्टवर लावली तर ती निम्मी नव्हे, तर जेमतेम २७० वॉटची होते. कपड्याची सुरकुतीही जात नाही. उलट अमेरिकेचा १००० वॉटचा हेअर ड्रायर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो पहिल्या क्षणी साडेतीन हजार वॉटहून अधिक ओढू पाहतो, आणि मग तार तुटते किंवा प्लास्टिक वितळते. प्रवासी इस्त्री किंवा ड्रायरवर १२०/२४० असा छोटा स्विच असेल, तर तो नाण्याच्या कडेने फिरवूनच टॉप बोर्डाला लावावा. पाण्याचा रॉड मात्र कोणत्याही देशात नेऊ नये. वसतिगृहांत अशा वस्तूंना सहसा मनाई असते आणि ती योग्यच आहे. ब्रिटनमध्ये बाथरूममध्ये दाढीच्या यंत्रापुरते खास सॉकेट सोडले तर सहसा सॉकेटच नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

आईवडिलांसोबत नेब्युलायझर, सीपॅप किंवा रक्तदाबाचे यंत्र न्यायचे आहे. काय काळजी घ्यावी?

ह्या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. झोपेत श्वासासाठी वापरल्या जाणाऱ्या सीपॅप यंत्रांचे अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचे असतात, तरी यंत्रावरील आणि अडॅप्टरवरील दोन्ही ओळी वाचून घ्याव्यात. कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर मात्र बहुतेक वेळा केवळ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. तो १२० व्होल्टवर लावला तर हवेचा दाब कमी पडतो, औषधाची वाफ नीट तयार होत नाही, आणि यंत्राचा आवाज येत असल्यामुळे औषध फुफ्फुसांत चालले आहे असे सर्वांना वाटत राहते. दम्याच्या रुग्णासाठी ही गोष्ट धोकादायक आहे. डॉक्टरांना विचारून सेलवर किंवा यूएसबीवर चालणारा मेश नेब्युलायझर घ्यावा, किंवा पोहोचल्याबरोबर तेथील यंत्राची सोय करून ठेवावी.

रक्तदाबाचे यंत्र साध्या सेलवर चालते, त्यामुळे तेथे अडचण नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पुरेशा इथूनच न्याव्यात, कारण त्याच नावाच्या मीटरची तेथील पट्टी आपल्या मीटरमध्ये चालेलच असे नाही. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात साखरेचे एककही वेगळे असते: आपल्या आकड्याला १८ने भागले की तेथील आकडा मिळतो, म्हणजे आपले १२६ ते तेथील ७. ही सर्व यंत्रे, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील बॅगेतच ठेवावी.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. हा शॉक आहे का?

तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अडॅप्टर लावला, की अर्थिंग तुटते. चार्जरमधील गाळणीच्या कपॅसिटरमधून येणारा अतिशय सूक्ष्म करंट जमिनीत जाण्याऐवजी लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर जाणवतो. चांगल्या स्थितीतील चार्जरमध्ये तो जीवघेणा नसतो, पण त्याची सवय करून घेऊ नये. अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्यावा किंवा त्या देशाची मूळ वायर विकत घ्यावी. चार्जरच्या विटेत बसणारी वायर सहसा प्रमाणित आकाराची असते आणि तेथे स्वस्तात मिळते. झटका जोराचा बसत असेल तर तो चार्जर वापरणे लगेच थांबवावे.

एकच अडॅप्टर आणि आपला एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर चालेल का?

चार्जरसाठी ही उत्तम युक्ती आहे. एका अडॅप्टरवर आपला बोर्ड लावला की घरातील सर्वांचे मोबाइल चार्ज होतात. मात्र तोच वॉट १२० व्होल्टवर जवळपास दुप्पट करंट घेतो, त्यामुळे ६ अँपिअरच्या बोर्डावर तेथे जेमतेम ७०० वॉटचा भार चालतो. त्यावर हीटर किंवा केटल लावू नये.

उलट प्रकार कधीही करू नये. अमेरिकेचा सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड इथे आणून लावला, तर त्यातील संरक्षक भागाला आपला नेहमीचा २३० व्होल्टचा दाबच धोक्याचा वाटतो, तो करंट वाहू देतो आणि पेट घेऊ शकतो. आमच्याकडे आलेल्या अशा एका बोर्डाचे झाकण उघडले, तेव्हा आत ह्या संरक्षक भागाच्या निळ्या चकतीच्या जागी काळी भुकटी होती आणि तिच्या वरचे प्लास्टिक तपकिरी होऊन आत खचले होते. सुदैवाने घरात माणसे जागी होती.

दिवाळीचा आकाशकंदील आणि गणपतीच्या मखरातील दिवे न्यावेत का?

कंदील अवश्य न्यावा, बल्ब नेऊ नये. आपला बल्ब खाचेत अडकवून फिरवायचा असतो, तर अमेरिकेत आणि युरोपात आट्यांचे होल्डर असतात. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखे होल्डर अजूनही दिसतात. तेथील वायर, होल्डर आणि कमी वॉटचा एलईडी बल्ब घेऊन कंदिलात टांगावा. बाजारात मिळणाऱ्या एलईडीच्या स्वस्त माळा थेट २३० व्होल्टसाठी जोडलेल्या असतात, त्या १२० व्होल्टवर मिणमिणतात किंवा पेटतच नाहीत. यूएसबीवर चालणाऱ्या माळा घेतल्या तर देश कोणताही असो, मोबाइलच्या चार्जरवर त्या चालतात. मूर्तीमागील चक्र फिरवणारी छोटी मोटरही २३० व्होल्टची असते. तिच्याऐवजी सेलवर फिरणारे चक्र न्यावे.

इथला मोबाइल तेथील सिमवर चालेल का?

चार्जिंगचा प्रश्न नसतो, नेटवर्कचा असू शकतो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी सेवा बंद केली, त्यामुळे फोरजीवरून कॉल करण्याची सोय तेथील कंपनीने ज्या मॉडेलला दिलेली नाही, त्या फोनवर इंटरनेट चालते पण साधा कॉल लागत नाही. निघण्यापूर्वी फोनचा आयएमईआय क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासावा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४पासूनच्या मॉडेलमध्ये सिमकार्डाची खाचच नसते, म्हणून तेथून फोन मागवणाऱ्यांनी आपले सिम ई-सिम करून घेण्याची तयारी ठेवावी. बँकेचे ओटीपी ज्या भारतीय क्रमांकावर येतात, तो चालू ठेवण्याची व्यवस्था जाण्यापूर्वीच करावी.

टीव्ही न्यावा किंवा आणावा का?

नाही. विजेचा भाग जुळला तरी अँटेना आणि केबलची पद्धत देशागणिक वेगळी असते, वॉरंटी बहुधा त्याच देशापुरती असते, आणि परदेशातून टीव्ही आणल्यास त्यावर सीमाशुल्क लागते.

पॉवर बँक कोणत्या बॅगेत ठेवावी?

फक्त हातातील बॅगेत. चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई आहे. १०० वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) बँक विमानात नेता येते, १०० ते १६० पर्यंतच्या बँकेसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्यावरील नेताच येत नाही. हिशेब सोपा आहे: एमएएचच्या आकड्याला ३.७ने गुणून १०००ने भागावे. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवर होते, तर ३०,००० एमएएचची १११, म्हणजे परवानगीच्या टप्प्यात जाते. ज्या बँकेवरील आकडे पुसले गेले आहेत ती तपासणीत अडवली जाऊ शकते. विमानात ती वापरण्याबाबत अनेक कंपन्यांनी स्वतंत्र निर्बंध घातले आहेत, तेही तिकिटासोबतच्या सूचनांत वाचावेत.

अमेरिकेतील नातेवाइकांनी दिलेला ब्लेंडर किंवा इलेक्ट्रिक कुकर इथे कसा वापरावा?

२३०चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनच. १००० वॉटच्या कुकरला १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि त्याला ‘११० व्होल्ट’ अशी ठळक चिठ्ठी चिकटवावी. घरातील सर्वांना आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही ते सांगून ठेवावे, कारण चपट्या पिना आपल्या अनेक बोर्डांत सहज शिरतात आणि चूक तिथेच होते. थेट २३० व्होल्टवर लावलेला ब्लेंडर काही क्षण किंचाळल्यासारखा फिरतो, ब्रशजवळ निळ्या ठिणग्या उडतात आणि वॉर्निश जळाल्याचा वास येतो; त्यानंतर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, पुन्हा भरून घेण्याचा खर्च बहुधा नव्या मिक्सरच्या जवळ जातो.

जपानला जाताना वेगळे काही पाहावे लागते का?

होय. तेथे दाब १०० व्होल्ट आहे, जगात सर्वांत कमी दाबांपैकी एक, आणि एकाच देशात दोन फ्रीक्वेन्सी आहेत: टोकियोच्या बाजूला ५० आणि ओसाकाच्या बाजूला ६०. १८९०च्या दशकात टोकियोने जर्मनीहून आणि ओसाकाने अमेरिकेहून जनित्रे आणली, तो फरक आजतागायत टिकला आहे. आपल्या चार्जरना त्याने काही होत नाही, मात्र मोटरची उपकरणे तेथे नेऊ नयेत.

महागडा कॅमेरा किंवा दागिन्यांइतक्या किमतीची उपकरणे परत आणताना शुल्क मागितले तर?

जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांना वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यावर अनुक्रमांकासह वस्तूची नोंद असते आणि ती वस्तू परत आणताना शुल्क लागत नाही. त्यासाठी उपकरण चेक-इन सामानात टाकण्यापूर्वी, थोडा वेळ हाताशी ठेवून पोहोचावे, आणि खरेदीच्या बिलाची प्रत सोबत असावी. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो, त्यामुळे केवळ लॅपटॉप नेणाऱ्या विद्यार्थ्यांना ह्या प्रमाणपत्राची सहसा गरज पडत नाही.